थांबण्याची ऐपत

(एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्या मुलांना आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. त्यांच्या वर्गात मजुरी, भाडं, दर या गोष्टी पुस्तकातून येण्याआधी मुलांच्या बोलण्यातून येत. त्या परंपरेला शोभेल असा विषय घ्यावा, म्हणून आपण सर्वांनी पाहिलेले चित्रपट आणि गेम थिअरी यांच्याबद्दल मी आज बोलणार आहे. प्रश्न एकच आहे. दोन पक्ष समोरासमोर येतात. एक मागतो, दुसरा देतो किंवा नाकारतो. अखेर कोणाच्या पदरात किती पडतं आणि ते कशावरून ठरतं?

चित्रपटानं या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. ज्याची नजर हलत नाही, ज्याचा आवाज कापत नाही, तो जिंकतो. गेम थिअरी दुसरीकडे बोट दाखवते. सौदा मोडला तर तुमच्या हाती काय उरतं आणि सौदा होईपर्यंत तुम्ही किती काळ कळ काढू शकता, यावर तुमचा वाटा ठरतो. माझं म्हणणं असं आहे की आपल्या चांगल्या चित्रपटांनी हेही दाखवून ठेवलं आहे. आपण नायकाच्या डोळ्यांकडे बघत बसतो आणि ते आपल्या हातून निसटतं.

सौदा मोडला तर?

गेम थिअरीची रीतसर सुरुवात १९४४ साली जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या ग्रंथानं झाली असं मानतात. माझा निर्णय बरोबर की चूक हे तुमच्या निर्णयावर अवलंबून असेल आणि तुमचा माझ्यावर, तर शहाण्या माणसानं काय करावं, हा या शास्त्राचा विषय. १९५० साली जॉन नॅश या एकविशीतल्या विद्यार्थ्याचा घासाघिशीवरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यानं एक साधी गोष्ट केंद्रस्थानी आणली. बोलणी फिसकटली तर प्रत्येकाला काय मिळेल, ते आधी मांडा. वाटणीचा हिशेब त्या बिंदूपासून सुरू होतो. ज्याचा हा बिंदू वर, त्याला वाटणीत जास्त मिळतं. ज्याचा खाली, तो कितीही गोड बोलला तरी थोडक्यात समाधान मानतो.

नॅशचं नाव घरोघरी पोचवलं २००१ च्या ‘अ ब्यूटिफुल माइंड’ या चित्रपटानं. त्यातला बारमधला प्रसंग आपल्याला आठवत असेल. चार मित्र एकाच सुंदर तरुणीकडे गेले तर एकमेकांच्या आड येतील, म्हणून सगळ्यांनी तिला सोडून तिच्या मैत्रिणींकडे जावं, असं पडद्यावरचा नॅश सुचवतो. गंमत म्हणून प्रसंग चांगला आहे, पण ज्या समतोलाला नॅशचं नाव आहे तो हा नव्हे. समतोलाची कसोटी अशी की, बाकीचे आपापल्या जागी राहिले तर कोणा एकालाही आपला निर्णय बदलून फायदा होता कामा नये. इथे तर तीन मित्र मैत्रिणींकडे वळताच चौथ्याला त्या तरुणीकडे जाण्याची वाट मोकळी होते. म्हणजे हा करार जागच्या जागी मोडतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. जो करार मोडण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, तो शपथांवर फार दिवस टिकत नाही. सौद्याचं बळ ही मुळात असे करार टिकवण्याची गोष्ट आहे, आणि आजच्या बोलण्यात ती पुन्हा पुन्हा येईल.

नॅशचा तो बिंदू मला सर्वांत स्वच्छ दिसतो तो आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’मध्ये. तोही २००१ चाच. चंपानेर गावात पाऊस नाही आणि दुप्पट सारा भरायचा हुकूम निघाला आहे. कॅप्टन रसेल पैज लावतो. क्रिकेटचा सामना जिंकलात तर तीन वर्षं सारा माफ, हरलात तर तिप्पट. पैज स्वीकारणाऱ्या भुवनवर गावकरी चिडतात, त्याला वेड लागलंय म्हणतात. प्रेक्षक त्याच्या हिमतीला दाद देतो. पण जरा हिशेब करा. ज्याला दुप्पट भरता येत नाही, त्याच्यासाठी तिप्पट हा आकडा निराळा राहत नाही. दोन्हींत गाव उठतंच. रसेलला वाटतं त्यानं शिक्षा वाढवली. प्रत्यक्षात त्यानं गावाला जिंकण्याची एक संधी फुकट दिली आहे, कारण बोलणी फिसकटल्यावर गावाच्या हाती काय उरतं याचा त्यानं विचारच केलेला नाही. अधिकारी माणूस ही चूक नेहमी करतो. जो आधीच तळाला आहे त्याला आणखी खाली ढकलण्याची धमकी तो देतो आणि ती चालेनाशी झाली की चकित होतो.

धमकी कधी चालते

चित्रपटातला सौदा म्हटलं की धमकी आलीच. धमकीचं शास्त्र मांडलं थॉमस शेलिंग यांनी, १९६० च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या ग्रंथात. २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना रॉबर्ट ऑमन यांच्यासोबत मिळालं. शेलिंग सांगतात की धमकीचा अर्थ शस्त्राच्या आकारावर ठरत नाही. वेळ आली तर ती खरी करण्यात धमकी देणाऱ्याचंही नुकसान असतं. मग तो ती खरी करेल यावर समोरच्यानं विश्वास का ठेवावा? उत्तर असं की, त्यानं आपले परतीचे दोर आधीच कापलेले असले पाहिजेत आणि ते कापलेले समोरच्याला दिसले पाहिजेत. तानाजी पडल्यावर सूर्याजीनं सिंहगडावर दोर कापून टाकले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात दोर कापल्याचं मावळ्यांना कळलं, हा अर्धा भाग विसरून चालत नाही.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६४ च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ची सगळी शोकांतिका याच अर्ध्या भागावर उभी आहे. चित्रपटाच्या तयारीत कुब्रिक शेलिंग यांना भेटले होते. सोव्हिएत संघानं असं यंत्र बसवलेलं असतं की अणुहल्ला होताच ते माणसाला न विचारता सगळं जग नष्ट करील आणि कोणालाही ते थांबवता येणार नाही. दोर कापण्याचं याहून टोकाचं उदाहरण सापडणार नाही. पण यंत्राची घोषणा व्हायची राहून गेलेली असते. त्यामुळे ज्या हल्ल्याला त्यानं धाक घालायचा, तो निघतो आणि यंत्र आपलं काम करतं. गुप्त ठेवलेला धाक हा धाक राहत नाही. त्यातला विनाश तेवढा शिल्लक राहतो.

आता १५ ऑगस्ट १९७५ ला आलेल्या ‘शोले’कडे येऊ. पाण्याच्या टाकीवर चढून जीव द्यायला निघालेला वीरू आपण सगळ्यांनी पाहिला आहे. या प्रसंगावर आपण हसतो, पण सलीम-जावेद यांनी त्यात धमकीचे सगळे भाग नीट जुळवले आहेत. बसंतीशी लग्नाला तिच्या मौसीचा नकार आहे. जयला मध्यस्थ म्हणून पाठवून झालं आहे, तिथे काम बिघडलं आहे. वीरूकडे द्यायला काही नाही. तेव्हा तो स्वतःच्या मरणाचा सौदा मांडतो. शुद्धीवरचा माणूस असं करणार नाही, म्हणून शुद्धीवरच्या माणसाची ही धमकी कोणी मानणार नाही. प्यायलेल्या माणसाची मानावी लागते. शेलिंग यांचा निष्कर्ष हाच होता की कधी कधी स्वतःवर ताबा नसणं हेच घासाघिशीतलं हत्यार होतं. दुसरा भाग म्हणजे टाकीची उंची. वीरू मौसीच्या दारात बोलला असता तर ती एकटी होती. टाकीवरून सगळं गाव ऐकतं आणि गावच मौसीला गळ घालतं. नकाराची किंमत वीरूच्या जिवावरून सरकून मौसीच्या नावावर येते. उपोषणाला बसणारा माणूस भर चौकात मांडव का घालतो, हे समजायला एवढं पुरे.

डाकू गब्बरचं तंत्र वेगळं आहे. रामगढहून रिकाम्या हातांनी परतलेल्या आपल्याच तिघांना तो ठार करतो. त्या एका दिवसाच्या हिशेबात हा शुद्ध तोटा आहे, टोळीतली तीन माणसं कमी झाली. पण गब्बरला शेकडो गावांकडून वर्षानुवर्षं धान्य वसूल करायचं आहे, आणि प्रत्येक गावाशी लढायचं तर त्याची टोळी संपून जाईल. न लढता धान्य यावं यासाठी त्याला नाव हवं. पन्नास-पन्नास कोसांवरच्या आया रडणाऱ्या मुलांना ज्या नावानं झोपवतात, ते नाव ही त्याची खरी कमाई आहे आणि त्या तिघांच्या जिवाची किंमत त्यानं त्या नावासाठी मोजली आहे. खंडणीचं अर्थकारण सगळीकडे असंच चालतं. वसुली रोज होते, हिंसा क्वचित होते. जी होते ती सगळ्यांना दिसेल अशी होते.

जूट कशी टिकते

मग अशा नावाला उत्तर काय? आपण म्हणतो, जय आणि वीरू. मला ‘शोले’तला सर्वांत निर्णायक प्रसंग दुसराच वाटतो. त्यात बंदूक नाही.

इमामसाहेबांचा मुलगा अहमद नोकरीसाठी शहराकडे निघालेला असतो. सचिन पिळगावकरांनी केलेली ती भूमिका. गब्बर त्याला मारून प्रेत गावात पाठवतो आणि निरोप देतो की जय-वीरूला माझ्या हवाली करा. गाव डळमळतं. जय-वीरूला गावात आणणाऱ्या ठाकूरच्या या लढाईचा भार आम्ही का सोसायचा, असं लोक उघड म्हणू लागतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. प्रत्येक घराचा वेगळा हिशेब केला तर धान्य देणं स्वस्त आहे आणि मुलगा गमावणं महाग. गब्बरला नेमकं हेच हवं आहे. एकजुटीतल्या प्रत्येकाला जूट मोडण्याचं कारण पुरवायचं. बारमधल्या त्या चार मित्रांचा करार जसा जागच्या जागी मोडत होता, तसाच हाही मोडायला आलेला असतो.

तेवढ्यात इमामसाहेब उभे राहतात आणि सांगतात की गावासाठी द्यायला देवानं मला आणखी मुलं का दिली नाहीत. ए. के. हंगल यांचा तो आवाज आपण विसरू शकत नाही. गाव गप्प होतं. का होतं? हीच गोष्ट ठाकूरनं सांगितली असती तर लोक म्हणाले असते, तुझं वैर आहे. जयनं सांगितली असती तर म्हणाले असते, तू पैसे घेतलेस. इमामसाहेबांनी किंमत आधीच मोजली आहे आणि बोलण्यातून त्यांना काही मिळवायचं नाही. शब्द खरा मानला जातो तो बोलणाऱ्यानं त्यासाठी काय गमावलं यावरून. संप असो, सत्याग्रह असो, ज्यांनी स्वतः झळ सोसली त्यांनीच मोडत आलेली जूट सावरली, असं आपल्याला पुन्हा पुन्हा दिसतं.

जूट बांधण्याची दुसरी, थंड डोक्याची बाजू बघायची तर जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ बघावा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव, श्रीराम लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा आणि हे सगळं बघत असलेला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. दाभाड्यांना मुख्यमंत्रिपद हवं आहे आणि खेळ आमदार मोजण्याचा आहे.

या मोजणीचंही गणित आहे. लॉइड शेपली आणि मार्टिन शुबिक यांनी ते १९५४ साली मांडलं. समजा शंभर जणांच्या सभागृहात तीन गट आहेत, ४५, ४५ आणि १० चे. बहुमताला ५१ लागतात. कोणतेही दोन गट एकत्र आले की बहुमत होतं, कोणा एकाला एकट्यानं ते जमत नाही. म्हणजे दहा जणांचा गट सौद्याच्या बळात पंचेचाळीस जणांच्या गटाइतकाच भारी आहे. आता एका मोठ्या गटातले सहा आमदार फुटून दुसऱ्या मोठ्या गटात गेले आणि आकडे ५१, ३९, १० झाले, तर दहाच्या गटाचं बळ एका क्षणात शून्य होतं. डोकी तेवढीच आहेत, फरक जागेचा पडला. ‘सिंहासन’मधली माणसं फोनजवळ बसून असतात, कुजबुजतात, एकाच रात्री दोन घरी जाऊन येतात, ती आपली जागा बळाची आहे की शून्याची हे चाचपण्यासाठी. महाराष्ट्रानं त्यानंतर अनेकदा तेच पाहिलं आहे. मला या चित्रपटात दुःख वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ज्यांच्या नावानं हा सगळा सौदा चालतो ती माणसं खोलीत नसतातच. ती मोजणीत नाहीत म्हणून वाटणीतही नाहीत.

दुधाला वेळ नसतो

‘सिंहासन’ लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी १९७० च्याच दशकात आणखी एक पटकथा लिहिली, जिच्यात ही बाहेरची माणसं खोलीत येतात. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’. या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुजरातच्या दूध संघांतल्या पाच लाख उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाचं भांडवल उभं केलं आणि प्रदर्शित झाल्यावर ‘आपला’ चित्रपट बघायला ते ट्रक भरभरून आले.

सौद्यातलं बळ कुठून येतं हे ‘मंथन’इतकं नेमकं सांगणारा दुसरा भारतीय चित्रपट मला माहीत नाही. गावात मिश्राची खाजगी डेअरी आहे. अमरीश पुरींचा हा मिश्रा आवाज चढवत नाही. त्याला गरजच नाही. गावात दूध घेणारा तो एकटा आहे. दुधात स्निग्धांश किती हे तोच सांगतो, कारण मोजणारा तोच. आणि सकाळी काढलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. बिंदूला, म्हणजे स्मिता पाटीलला, भाव पटला नाही तर दूध घेऊन ती जाणार कुठे?

इथे मला थोडं गणित मांडू द्या. १९८२ च्या जानेवारीत ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात एरियल रुबिन्स्टाइन यांचा एक लेख आला. दोघं आळीपाळीनं भाव सांगत राहिले आणि प्रत्येक नकारासरशी वेळ गेल्यामुळे दोघांचंही काही नुकसान होत गेलं, तर वाटणी कुठे थांबेल, हे त्यांनी सिद्ध केलं. आपण त्यात आपले आकडे घालू. सौद्यातून निघणारा नफा १०० रुपये धरा. एका नकारासरशी दूधवालीच्या दृष्टीनं त्याची किंमत निम्मी होते, कारण दूध नासतं. डेअरीवाल्याच्या दृष्टीनं ती दहा टक्क्यांनीच घटते. भाव आधी डेअरीवाला सांगणार असेल, तर दूधवालीच्या पदरात सुमारे ९ रुपये पडतात. आता दूध टिकवायची सोय झाली आणि तिचंही नुकसान दहा टक्क्यांवर आलं, तर तिचा वाटा सुमारे ४७ रुपये होतो. म्हैस तीच, दूध तेच, भाव आधी सांगणाराही तोच. तिची हिंमत वाढलेली नाही आणि तिचं बोलणंही सुधारलेलं नाही. ती थांबू शकते, एवढाच काय तो फरक पडला.

गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती मला पटत नाही. अक्कल असते. उसंत नसते.

‘मंथन’मध्ये गिरीश कर्नाडांचा डॉ. राव येतो तो ही उसंत बांधायला. गावाचं दूध सहकारी संस्था घेणार, त्यामुळे मिश्रा एकटा घेणारा राहत नाही. स्निग्धांश लोकांसमोर मोजला जाणार, त्यामुळे माहितीवरचा त्याचा ताबा जातो. मिश्राचं उत्तरही तितकंच विचार करून दिलेलं आहे. संस्थेच्या निवडणुकीत दुखावलेल्या सरपंचाला तो जवळ करतो. दलित वस्तीतली घरं जळतात तेव्हा मदतीचा हात तोच पुढे करतो, म्हणजे गरज पुन्हा निर्माण होते. बिंदूच्या अंगठ्याचा वापर करून रावला बदनाम करतो. जुटीतल्या प्रत्येकाला जूट मोडण्याचं कारण पुरवायचं, गब्बरचीच ही रीत, फक्त बंदुकीऐवजी कर्ज. राव बदली होऊन निघून जातो. नसिरुद्दीन शाहचा भोळा संस्था पुढे चालवतो. चित्रपट बाहेरून आलेल्या शहाण्या माणसावर संपत नाही, हे त्याचं मोठं शहाणपण आहे.

पडद्यामागचा इतिहास यापेक्षा कमी नाट्यमय नाही. मुंबईच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करण्याचा मक्ता पोलसन डेअरीकडे होता. सरदार पटेलांचा सल्ला आणि त्रिभुवनदास पटेलांचं नेतृत्व यांच्या बळावर १९४६ साली शेतकऱ्यांनी पंधरा दिवस पोलसनला दूध दिलं नाही. दूध शेतकऱ्याचं नासत होतंच, पण या वेळी मुंबईला दूध मिळत नव्हतं. शहरातली मुलं दुधावाचून फार दिवस ठेवता येत नाहीत, म्हणून सरकारला थांबता आलं नाही. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. पुढे त्याचंच नाव अमूल म्हणून देशाला कळलं.

त्यानंतरचा टप्पा मला संपाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात. ते सगळं मुंबई घेत नसे, आणि वर्षातून काही महिने शेतकरी पुन्हा हतबल होई. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञानं ती करून दाखवली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये आणंदच्या पावडर प्रकल्पाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. जे दूध दुपारपर्यंत टिकत नव्हतं ते आता महिनेच्या महिने टिकू लागलं. अमूलच्या वर्गीस कुरियन यांच्या व्यवस्थापनकौशल्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, ते रास्तच आहे. पण गेम थिअरीच्या नजरेनं पाहिलं तर पावडरच्या त्या यंत्रानं लाखो गरीब कुटुंबांना थांबण्याची ऐपत दिली.

जिथे समोरचा थांबू शकला

एवढं म्हणून मी थांबलो तर ही कथा फार सोपी होईल. रुबिन्स्टाइन यांचा लेख आला त्याच महिन्यात, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. एकजूट होती, धैर्य होतं, त्याग तर अपरंपार होता. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडची आपली गावं आणि तिथली शेती यांच्या आधारानं कामगारांनी महिनोन् महिने कळ काढली. तरी संप हरला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला.

कारणं अनेक आहेत आणि त्यांवर अभ्यासकांत मतभेदही आहेत. आजच्या विषयाच्या अंगानं मी तीनच सांगतो. पहिलं, कापड विणायला गिरणीच लागते अशी परिस्थिती उरली नव्हती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग चालू होते, म्हणजे सौदा मोडला तरी मालकाच्या हाती काही उरत होतं. दुसरं, गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होत चालली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं तिच्या विक्रीची वाट मोकळी केली. ज्याला कारखाना बंद पडण्याचं फारसं दुःख नाही, त्याला संपाची भीती कशी वाटावी? तिसरं, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेचा, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. अडीच लाख माणसं ज्याच्यामागे उभी होती त्याला खोलीत खुर्चीच नव्हती.

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ हा २०१० चा चित्रपट जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर बेतलेला आहे. तो या पराभवानंतरचं घर दाखवतो. त्या घरातली मुलं एकमेकांवर ओरडतात, भरकटतात, गुन्हेगारीकडे ओढली जातात. आपण त्यांच्या स्वभावांना दोष देऊन मोकळे होऊ शकतो. पण त्या चार भिंतींत प्रत्येकाला आजच्या आज काहीतरी हवं आहे आणि कोणाकडेच उद्यापर्यंत थांबण्याची सोय नाही. सौद्यातलं बळ हरवलेल्या माणसांची एकमेकांशी चाललेली घासाघीस याहून दारुण असू शकत नाही.

खेडा जिल्ह्यातला दूध संप आणि गिरणगावचा संप शेजारी ठेवले की धैर्याचा प्रश्न बाजूला पडतो. गिरणी कामगार खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांपेक्षा भित्रे नव्हते. त्यांनी कितीतरी जास्त सोसलं. एका ठिकाणी समोरच्याला थांबता येत नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी येत होतं. इतिहासानं पराभूतांच्या हिमतीवर प्रश्नचिन्ह लावलं आणि त्यांच्या समोर बसलेल्यांच्या पर्यायांकडे पाहिलं नाही, तर तो इतिहास चित्रपटापेक्षाही कमी खरा ठरेल.

आपल्या हाती काय आहे

मित्रहो, हे सगळं आज कशासाठी? नाशिकच्या उन्हाळ कांद्याचा विचार करा. नीट वाळवून हवेशीर कांदाचाळीत ठेवला तर तो चार-सहा महिने टिकतो. ज्या शेतकऱ्याकडे चाळ आहे तो एप्रिलचा पडलेला भाव नाकारू शकतो. ज्याच्याकडे नाही, किंवा चाळ असूनही सोसायटीचा हप्ता डोक्यावर आहे, त्याला लासलगावच्या लिलावात मिळेल तो भाव घ्यावा लागतो. आणि डिसेंबर २०२३ मध्ये झाली तशी निर्यातबंदी झाली की चाळ असलेल्याचाही दुसरा गिऱ्हाईक जातो. चाळीला अनुदान देणं आणि निर्यातीचं दार अचानक बंद करणं, हे दोन्ही निर्णय शेतकऱ्याच्या सौद्यातल्या बळाबद्दलचे आहेत. एक ते बळ वाढवतो, दुसरा काढून घेतो. आपण त्यांची चर्चा मात्र महागाई आणि अनुदान या दोन वेगळ्या खात्यांत करतो.

हीच कसोटी इतर ठिकाणी लावता येईल. किमान वेतन, बेकारीच्या काळातला आधार, रेशन, रोजगार हमी यांच्याकडे आपण दयेच्या किंवा खर्चाच्या नजरेनं बघतो. रोजगार हमीच्या कामावर प्रत्यक्ष न गेलेल्या मजुरालाही तिचा उपयोग होतो, कारण कमी मजुरी सांगणाऱ्याला तो दुसरीकडे काम आहे असं सांगू शकतो आणि समोरच्याला ते खरं असल्याचं ठाऊक असतं. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, देशात सर्वांच्या आधी. तो आपला अभिमानाचा ठेवा आहे आणि त्याची राखण आपणच करायची आहे.

चित्रपटांनी आपल्याला हिमतीवर प्रेम करायला शिकवलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हिमतीवाचून कोणतीही जूट उभी राहत नाही, इमामसाहेबांवाचून रामगढ टिकलं नसतं. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे पडद्यावर किंवा पडद्याबाहेर कोणी पडता भाव मुकाट्यानं स्वीकारताना दिसला, तर त्याच्या कण्याबद्दल मत बनवण्याआधी विचारा की नाही म्हणाला असता तर संध्याकाळी त्याच्या घरी काय शिजलं असतं. आणि उत्तर वाईट असेल तर त्याला धीर देऊन थांबू नका. त्याच्यासाठी एक चाळ, एक संस्था, एक कायदा, एक दुसरा गिऱ्हाईक उभा करा. ठाम नकार देणारा माणूस आपल्याला आवडतो ना? मग तो नकार त्याला परवडेल अशी व्यवस्था करणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे.